पोटाचा घेर आणि मेंदूचा विसर

मधुमेह, उच्च रक्तदाब आणि वाढलेले पोट हे हृदयाचे शत्रू म्हणून सर्वांना परिचित आहेत. मात्र हेच विकार मध्यम वयात अंगात मुरले, तर उतारवयात स्मरणशक्तीवरही घाला घालतात, असे गेल्या अडीच दशकांतील संशोधनातून स्पष्ट होत गेले आहे. आहार, चयापचय आणि स्मृतिभ्रंश यांच्या नात्याचा हा आढावा.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांत इतकी रुळली आहे, की वडीलधाऱ्यांनी एकच प्रश्न चार वेळा विचारला, दूध उतू गेले तरी त्यांच्या लक्षात आले नाही किंवा रोजच्या भाजीबाजारातून परतताना ते वाट चुकले, तरी 'आता वय झाले' असे म्हणून विषय संपविला जातो. वैद्यकशास्त्राला ही म्हण मान्य नाही. वयानुसार नाव आठवायला थोडा वेळ लागणे निराळे आणि नित्याचे व्यवहार कोलमडावेत इतके विस्मरण होणे निराळे. दुसऱ्या प्रकाराला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. तो वार्धक्याचा अटळ भाग नाही. मेंदूतील निरनिराळ्या विकारांतून उद्भवणारा तो लक्षणसमूह आहे.

भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीत मांडण्यात आला. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्ती असल्याचे सांगितले. वरकरणी हे दोन वेगळ्या विकारांचे आकडे आहेत. त्यांना जोडणारा धागा मात्र रक्तवाहिन्यांतून आणि रोजच्या ताटातून जातो.

एका नावाखाली अनेक विकार

जर्मन मनोविकारतज्ज्ञ अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेन येथील सभेत एका स्त्री रुग्णाच्या मेंदूत आढळलेल्या विलक्षण बदलांची माहिती दिली. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. या रोगात मेंदूमध्ये बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची पुटे साचतात, तर टाऊ या प्रथिनाचे गुंते पेशींच्या आत तयार होतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत हा प्रकार सर्वाधिक आढळतो. त्याखालोखाल रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून होणाऱ्या स्मृतिभ्रंशाचा क्रमांक लागतो. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कठीण व अरुंद झाल्या, की त्यांच्या आधाराने जगणाऱ्या पेशी हळूहळू निकामी होतात. वृद्धांमध्ये बहुधा हे दोन्ही प्रकार एकत्र नांदताना दिसतात.

या विषयातील सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की अल्झायमरची प्रक्रिया पहिले लक्षण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरू झालेली असते. सत्तरीत विस्मरण जडलेल्या व्यक्तीच्या मेंदूतील पडझडीला पन्नाशीतच आरंभ झालेला असू शकतो. ज्या वयात माणूस नोकरी, गृहकर्ज आणि मुलांच्या शिक्षणात गुंतलेला असतो, नेमका तोच हा काळ.

पाच मापांचा मेळ

खाल्लेल्या अन्नाचे ऊर्जेत रूपांतर करणे, उरलेली ऊर्जा साठविणे आणि गरजेनुसार ती वापरणे, या साऱ्या व्यवहाराला चयापचय म्हणतात. हा व्यवहार बिघडल्याची पाच चिन्हे मानली जातात : वाढलेला कंबरेचा घेर, रक्तातील वाढलेली ट्रायग्लिसराइड, 'चांगल्या' एचडीएल कोलेस्टेरॉलची कमतरता, वाढता रक्तदाब आणि उपाशीपोटी वाढलेली रक्तशर्करा. यांपैकी कोणतीही तीन एकत्र आढळली, तर त्याला 'मेटाबॉलिक सिंड्रोम' असे म्हणतात. वेदना नसल्याने ही चिन्हे वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहतात.

मेंदूचा यात काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो आणि त्यासाठी मुख्यतः ग्लुकोजवर विसंबतो. त्यामुळे साखरेच्या व्यवहारातील गोंधळाची झळ त्याला बसणे क्रमप्राप्तच. ही झळ तीन मार्गांनी पोहोचते, असे संशोधक मानतात.

पहिला मार्ग रक्तवाहिन्यांचा. दीर्घकाळ वाढलेली साखर आणि रक्तदाब यांमुळे डोळ्यांच्या व मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्या जशा खराब होतात, तशाच मेंदूतल्याही होतात. दुसरा मार्ग इन्शुलिनचा. स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात इन्शुलिनचे ग्राहक असतात, त्यामुळे शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की मेंदूच्या कामकाजावरही परिणाम संभवतो. शिवाय इन्शुलिनचे विघटन करणारे विकर बीटा-अमायलॉइडचेही विघटन करते. रक्तात इन्शुलिनचा भार वाढला तर या विकराची शक्ती त्यातच खर्च होते आणि अमायलॉइडचा निचरा रेंगाळतो, अशी एक उपपत्ती मांडली गेली आहे. तिसरा मार्ग दाहाचा. पोटातील अवयवांभोवती साठलेली चरबी दाहकारक द्रव्ये सतत स्रवते आणि त्यांचे पडसाद मेंदूपर्यंत उमटतात.

या संबंधांमुळेच अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या सुझान डी ला माँटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अल्झायमरसाठी 'टाइप ३ मधुमेह' असा शब्दप्रयोग केला. तो लोकप्रिय झाला, पण अधिकृत निदान म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही. प्रत्येक मधुमेहीला स्मृतिभ्रंश होत नाही आणि स्मृतिभ्रंशाचे असंख्य रुग्ण मधुमेही नसतात, हे ध्यानात ठेवलेले बरे.

हॉलंड, जपान, ब्रिटन

मधुमेह आणि स्मृतिभ्रंश यांच्या संबंधावर प्रकाश टाकणारी एक आरंभीची मोठी पाहणी नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात झाली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, मधुमेही वृद्धांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट होता. जपानच्या क्यूशू बेटावरील हिसायामा या छोट्या गावात साठीपुढील सुमारे हजार रहिवाशांचा पंधरा वर्षे मागोवा घेण्यात आला. त्याचा २०११ मध्ये जाहीर झालेला निष्कर्षही याच दिशेचा होता.

वयाचा मुद्दा सर्वाधिक ठळक केला तो ब्रिटनमधील 'व्हाइटहॉल-२' या अभ्यासाने. १९८५ ते १९८८ या काळात लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांची नोंद करून त्यांचा तीन दशके पाठपुरावा करण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, साठीच्या आत मधुमेह जडलेल्यांना सत्तरीनंतर स्मृतिभ्रंशाचा धोका मधुमेह नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक असल्याचे दिसले. मधुमेह जितका लवकर, तितका धोका अधिक, हे त्याचे सार. तरुण वयातच मधुमेहाच्या विळख्यात सापडणाऱ्या भारतासाठी ते विशेष चिंतेचे आहे.

सडपातळ देहातील चरबी

'आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही' या समाधानालाही पुण्यातील संशोधनाने धक्का दिला आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून ही गोष्ट जगाच्या नजरेस आणली. उंची व वजनावरून काढला जाणारा दोघांचा देहभार निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरले. हातापायांनी किरकोळ, पण पोटाशी चरबी बाळगणाऱ्या या भारतीय ठेवणीचे मूळ गर्भावस्थेतील पोषणात असावे, हा विचार पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-बालक अभ्यासातून पुढे आला.

म्हणूनच भारतीयांसाठी वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी अधिक बोलकी ठरते. पुरुषांचा कंबरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर यापुढे गेल्यास तो धोक्याचा इशारा समजावा, असे तज्ज्ञ सांगतात.

आहाराच्या कसोटीचा निकाल

योग्य आहाराने स्मृतिभ्रंश टळतो का, या प्रश्नाचे सरळ 'होय' असे उत्तर देता येत नाही. शिकागोच्या रश विद्यापीठातील मार्था क्लेअर मॉरिस यांच्या गटाने २०१५ मध्ये 'माइंड' आहाराची संकल्पना मांडली. पालेभाज्या, अन्य भाज्या, सुकामेवा, बोरवर्गीय फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल यांवर भर, तर लोणी, चीज, लाल मांस, तळण व गोड पदार्थांवर मर्यादा, असे त्याचे स्वरूप. ९२३ वृद्धांच्या निरीक्षणात हा आहार काटेकोर पाळणाऱ्यांमध्ये अल्झायमरचे प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी दिसले आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला.

पुढे याच आहाराची रीतसर चाचणी घेण्यात आली. ६०४ जणांच्या तीन वर्षांच्या या चाचणीचा निकाल २०२३ मध्ये लागला. माइंड आहार घेणारा गट आणि नेहमीचेच अन्न थोडे कमी खाणारा गट यांच्या बौद्धिक क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांचे वजन घटले होते आणि दोन्हींची कामगिरी थोडी सुधारली होती. वीस वर्षे चालणाऱ्या विकारासाठी तीन वर्षांची कसोटी अपुरी पडते, असा यावरचा एक युक्तिवाद आहे. दुसरा अधिक साधा आहे. उत्तम आहार घेणारी माणसे बहुधा अधिक शिकलेली, चालणारी-फिरणारी आणि औषधे वेळेवर घेणारीही असतात. निरीक्षणात दिसलेल्या लाभाचे सारे श्रेय ताटाला देता येत नाही.

अनेक आघाड्यांवर एकाच वेळी प्रयत्न केल्यास मात्र फायदा दिसतो. मिया किविपेल्टो यांच्या नेतृत्वाखाली फिनलंडमध्ये झालेल्या 'फिंगर' चाचणीत ६० ते ७७ वयाच्या १,२६० व्यक्तींचा समावेश होता. आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखर-कोलेस्टेरॉलवर देखरेख असा चौफेर कार्यक्रम दोन वर्षे राबविल्यावर त्यांची बौद्धिक कामगिरी केवळ सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरली. हा निकाल २०१५ मध्ये जाहीर झाला. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या 'पॉइंटर' चाचणीनेही २०२५ मध्ये याच धर्तीचा निष्कर्ष दिला.

सर्वांत ठोस पुरावा रक्तदाबाचा आहे. चीनच्या ३२६ खेड्यांतील सुमारे ३४ हजार रक्तदाबग्रस्तांची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या गावांत गावपातळीवरील आरोग्यसेवकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे देऊन रक्तदाब कसोशीने आटोक्यात ठेवला. चार वर्षांत त्या गावांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी राहिले. महागडी यंत्रसामग्री नसतानाही हे साधले, ही बाब भारतासारख्या देशाने टिपून ठेवावी अशीच आहे.

याउलट, विकार जडल्यानंतर चयापचयाची औषधे देऊन तो रोखण्याच्या आशेला तडा गेला आहे. मधुमेह व वजन घटविण्यासाठी गाजलेल्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या गोळीची प्रारंभिक अल्झायमरच्या सुमारे ३,८०० रुग्णांवर चाचणी झाली. तिने रोगाची वाटचाल मंदावली नसल्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर करण्यात आले. आग लागण्यापूर्वीची खबरदारी आणि लागल्यानंतरचे पाणी यांत अंतर असते, हेच यातून दिसते.

मराठी ताटाचा हिशेब

ऑलिव्ह तेल आणि ब्लूबेरी आणल्याखेरीज मेंदूचे रक्षण होत नाही, असा याचा अर्थ नाही. अशा आहारांचे तत्त्व पाहावे : अख्खे धान्य, भरपूर भाजी, पुरेशी प्रथिने, मोजके तेल आणि कमी साखर-मीठ. 'इंडियाब' पाहणीच्या २०२५ मधील आहारविषयक अहवालानुसार भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. सकाळी पोहे किंवा साबुदाण्याची खिचडी, दुपारी पोळी-भात, चहासोबत बिस्किटे आणि रात्री पुन्हा पोळी-भात, हा शहरी दिनक्रम पाहता या आकड्याचे नवल वाटू नये.

याच अहवालातील आणखी एक निरीक्षण अनेकांचा भ्रम दूर करणारे आहे. पांढऱ्या भाताऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ आणले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका घटल्याचे दिसले नाही. कर्बोदकांचा काही वाटा वनस्पतिजन्य किंवा दुग्धजन्य प्रथिनांनी भरून काढला, तेव्हा धोका कमी आढळला. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, मात्र तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या हा उपाय नव्हे. दोन भाकऱ्या आणि वाटीभर जास्तीची मुगाची किंवा मटकीची उसळ, घट्ट वरण, ताक-दही, पालेभाजी, कोशिंबीर असा तो बदल हवा. मत्स्याहारींना बांगडा, तारली यांसारखे स्वस्त व स्निग्ध मासे उपलब्ध आहेत. शाकाहारींना जवसाची चटणी आणि अक्रोड उपयोगी पडतात. मिठाची दैनंदिन मर्यादा पाच ग्रॅमची, म्हणजे जेमतेम एका चमच्याची आहे. लोणचे, पापड आणि फरसाण हाताशी असले की ती केव्हा ओलांडली जाते, हे कळतही नाही.

दुर्लक्षित ब-१२

काही विस्मरण बरे होण्याजोगे असते आणि त्यात ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाचा क्रमांक वरचा आहे. पुणे परिसरातील पुरुषांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी आढळले होते. दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतूनच ते मिळत असल्याने काटेकोर शाकाहारींमध्ये त्याची उणीव अधिक दिसते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही त्याचे शोषण घटते. हातापायांना मुंग्या, थकवा, तोल जाणे यांसोबत विस्मरण होत असेल, तर रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता आणि नैराश्य यांमुळेही स्मृतिभ्रंशाचा आभास निर्माण होतो. 'वय झाले' असे म्हणत या तपासण्या टाळणे म्हणजे बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराला हातचा सोडून देणे होय.

दावे आणि वास्तव

हळदीतील कुरक्युमिनने अल्झायमर टळतो, खोबरेल तेलाने स्मृती परतते, अमुक गोळ्यांनी बुद्धी तल्लख होते, असे दावे सतत कानावर येतात. प्रयोगशाळेत कुरक्युमिनचे परिणाम आशादायक दिसतात. मात्र पोटातून रक्तात त्याचे शोषण अत्यल्प होते आणि अल्झायमरच्या रुग्णांवरील चाचण्यांत त्याचा ठोस लाभ सिद्ध झालेला नाही. खोबरेल तेलाबाबतही भक्कम पुरावा नाही. उलट त्यातील संपृक्त स्निग्धांशामुळे 'वाईट' एलडीएल कोलेस्टेरॉल वाढू शकते. फोडणीतली हळद सुखेनैव घालावी, पण तिच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी सोडू नये.

वृद्धांच्या बाबतीत अतिरेकही घातक ठरतो. मध्यम वयातील लठ्ठपणा धोकादायक असला, तरी सत्तरीनंतर कारण नसताना वजन घटू लागले तर ती स्मृतिभ्रंशाची चाहूल असू शकते. साखर कठोरपणे खाली आणण्याच्या नादात ती वारंवार फार उतरणे हेही मेंदूला घातक असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात, साखर उतरून रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्या मधुमेही वृद्धांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. साखरेचे लक्ष्य वयानुसार डॉक्टरांनीच ठरवावे, हे उत्तम.

अटळ नाही, हाच दिलासा

'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ मधील अहवालानुसार जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश चौदा घटकांवर नियंत्रण मिळवून टाळता किंवा लांबविता येणे तत्त्वतः शक्य आहे. त्यात मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा आणि वाढलेले एलडीएल यांचा समावेश आहे. त्यासोबत अपुरे शिक्षण, बहिरेपणा, अधू दृष्टी, नैराश्य, डोक्याला इजा, धूम्रपान, मद्यपान, व्यायामाचा अभाव, एकाकीपणा आणि हवेचे प्रदूषणही आहे. आहार हा स्वतंत्र घटक म्हणून या यादीत नाही. तो आपले काम रक्तदाब, साखर आणि चरबी यांच्या आडून करतो.

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम शहराच्या दीर्घ अभ्यासातून २०१६ मध्ये पुढे आलेला निष्कर्ष आशादायी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे दर दशकागणिक स्मृतिभ्रंशाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण सरासरी २० टक्क्यांनी घटत गेले. मात्र हा लाभ किमान माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेल्यांनाच मिळाला. हृदयाची निगा आणि शिक्षण यांचे फळ मेंदूलाही मिळत असावे, असे यावरून दिसते. वय आणि आनुवंशिकता कोणाच्याच हाती नसते. कंबरेची मोजपट्टी, रक्तदाबाचा पट्टा आणि जेवणाचे ताट मात्र हाती असते. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण खोटी पाडायची, तर तयारी चाळिशीतच सुरू करावी लागेल.

चौकट : चाळिशीनंतर लक्षात ठेवावे असे

* कंबरेचा घेर : पुरुष ९० सें.मी. व स्त्रिया ८० सें.मी. यांच्या आत.
* रक्तदाब : वर्षातून किमान एकदा मोजावा. तो १३०/८५ च्या पुढे असल्यास डॉक्टरांना दाखवावे.
* उपाशीपोटी साखर : १०० मिलिग्रॅमच्या आत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ५.७ टक्क्यांच्या आत असावी. ६.५ किंवा त्याहून अधिक म्हणजे मधुमेह.
* ट्रायग्लिसराइड : १५० मिलिग्रॅमच्या आत. एचडीएल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० पेक्षा अधिक.
* काटेकोर शाकाहारी किंवा मेटफॉर्मिन घेणारे : ब-१२ ची तपासणी.
* डॉक्टरांकडे केव्हा जावे : तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, परिचित रस्ता चुकणे, पैशांच्या व्यवहारात गोंधळ, नेहमीचा स्वयंपाक करताना क्रम विसरणे, स्वभावात अचानक बदल.